धूर भरपूर, निखारा मात्र नाही: धनुकलीने अग्नी पाडताना नेमकं कुठे अडतंय?

काडीपेटी_नको

धनुकली, फिरणारी काठी, खालची फळी आणि वरचा ठोकळा, सगळं लाकडाचं आणि हाताने केलेलं आहे. धनुकलीच्या दोरीचा वेढा काठीला देऊन ती फळीतल्या खळग्यात फिरवायची, वरून ठोकळ्याने दाबून. काठी २० मिमी जाड, २२ सेंमी लांब. फळी १५ मिमी जाड, काठीच्याच वाळक्या फांदीतून फोडलेली, आणि वरचा ठोकळाही त्याच फांदीचा. धनुकली ६० सेंमी, दोरी सुती, ५ मिमी.

अडचणी तीन.
१. धूर येतो, भुकटीही पडते, पण ती फिकट तपकिरी आणि हाताला खरखरीत लागते. हात थांबला की धूरही थांबतो.
२. जोर वाढवला की काठी टणकन उडून बाजूला पडते.
३. थोड्या वेळाने दोरी काठीवर नुसतीच घसरते, काठी फिरत नाही.

खाच फळीच्या कडेपासून खळग्याच्या काठापर्यंत कापली आहे, रुंदी साधारण ३ मिमी. लाकूड बदलावं की ताकद कमी पडतेय?

रानवाट

दोन्ही नाही. आधी खाच बदला.

निखारा खळग्यात तयार होत नाही, तो खाचेत साठलेल्या भुकटीत तयार होतो. खळग्यात नुसती भुकटी भाजून निघते. ती गरम असतानाच एका जागी पडली, एकमेकीला चिकटून राहिली आणि तिला बाजूने हवा मिळाली, तरच ती स्वतःहून धुमसायला लागते. तुमची खाच खळग्याच्या काठाशीच संपते आणि ३ मिमीच्या फटीत भुकटी अडकून बसते. बरीचशी खळग्याभोवती वर फेकली जात असणार, बघा.

खाच वर्तुळाच्या आठव्या भागाएवढी हवी, पापडाची कातरलेली फोड असते तशी. २० मिमीच्या काठीचा घेर साधारण ६३ मिमी, म्हणजे खळग्याच्या काठावर खाचेचं तोंड ८ मिमी धरा. टोक खळग्याच्या मध्याच्या जेमतेम अलीकडे थांबवा. हे महत्त्वाचं आहे, कारण फिरणाऱ्या काठीच्या मधोमध वेग जवळपास शून्य असतो, तिथलं लाकूड झिजत नाही. खाच मध्याजवळ पोचली नाही की तिथे एक बोंड उरतं, सगळा दाब ते पेलतं आणि कडेला घर्षण होतच नाही. मध्याच्या पलीकडे गेलात तर काठी खाचेत घसरून कड फोडते. खाचेच्या भिंती चाकूने गुळगुळीत करा आणि खालच्या बाजूला किंचित रुंद ठेवा, भुकटी सुटून पडते.

क्रम असा: खळग्याचा मध्य फळीच्या कडेपासून काठीच्या निम्म्या जाडीहून ४-५ मिमी जास्त आत घ्या. चाकूच्या टोकाने छोटा खड्डा करा, धनुकली चालवून तो काठीच्या पूर्ण जाडीइतका काळा करून घ्या, आणि मगच खाच कापा. आधी कापली तर मध्य हमखास चुकतो.

दुसरं, वरचा ठोकळा. तो त्याच मऊ लाकडाचा असेल तर वरही घर्षण होतंय आणि तुमची अर्धी मेहनत तिथे जातेय. ठोकळा कठीण लाकडाचा घ्या, किंवा खळगा असलेला दगड, शिंपला, हाड. त्या खळग्यात मेण, चरबी किंवा साबण लावा. काठीचं वरचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं आणि खालचं बोथट ठेवा. वरच्या टोकावर खूण करा. वंगण लागलेलं ते टोक एकदा जरी खाली गेलं तरी तो खळगा वाया गेला समजा.

सुतारपक्षी

रानवाट यांच्याशी सहमत. ताकदीपेक्षा भुकटीकडे बघायची सवय लावा:

- फिकट, खरखरीत: दाब किंवा वेग कमी, नाहीतर लाकूड जास्त कठीण.
- छोट्या वळकट्या पडतायत: दाब जास्त, वेग कमी. लाकूड भाजण्याआधीच खरवडलं जातंय.
- गडद तपकिरी ते काळी, बारीक, लोकरीसारखी गुंता होणारी: हीच हवी.
- भुकटीच नाही, खळगा काळा चकचकीत आणि किंचाळल्यासारखा आवाज: पृष्ठभाग घोटला गेलाय. खळगा आणि काठीचं टोक चाकूने खरवडा किंवा चिमूटभर बारीक वाळू टाका आणि दाब वाढवून पुन्हा सुरू करा.

काठी उडते ती बहुतेक वेळा बसण्यामुळे. उजव्या हाताने धनुकली ओढत असाल तर उजवा गुडघा जमिनीवर, डावं पाऊल फळीवर खळग्याच्या लगत. ठोकळा धरलेल्या डाव्या हाताचं मनगट डाव्या नडगीला घट्ट टेकवा. ते सुटं राहिलं की काठी डुलते, आणि डुलली की उडते. छाती गुडघ्यावर येऊ द्या, म्हणजे दाब दंडातून नाही, अंगाच्या वजनातून येतो. धनुकली जमिनीला समांतर चालवा. तिचं टोक वरखाली झालं की दोरी काठीवर चढते किंवा उतरते.

ओढ पूर्ण लांबीची घ्या. आखूड झटक्यांत काठी दर वेळी थांबून उलटी फिरते आणि त्यात उष्णता जाते. आधी मध्यम दाबाने, सावकाश, खाच भरेपर्यंत. खाच भरली की मग दाब आणि वेग दोन्ही वाढवा. पहिल्यापासून जीव तोडून ओढणारे नेमके शेवटी दमतात.

ओलसुकं

लाकडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ओल असेल तर वरचं सगळं करूनही उपयोग नाही. लाकडातलं पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभर अंशांच्या फार वर चढतच नाही, आणि भुकटी धुमसायला त्याच्या कितीतरी पट लागतं. पहिला पांढरा धूर बराचसा वाफेचा असतो, त्यावर हुरळून जाऊ नका.

झाडावरच वाळलेली फांदी घ्या. जमिनीवर पडलेली ओल धरते. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. नख दाबल्यावर खूण उठावी पण नख आत रुतू नये. राळ किंवा चीक असलेलं लाकूड टाळा, ते घोटलं जाऊन चकचकीत होतं. कण्हेर आणि बिब्बा यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका: कण्हेर विषारी आहे आणि बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. हलकी, सरळ धाग्याची लाकडं चांगली. जास्वंदीच्या कुळातली बरीच झाडं या कामाला जगात अनेक ठिकाणी वापरली जातात. काठी आणि फळी एकाच लाकडाची असली तरी चालते.

गाठीगुंता

दोरीचा मुद्दा राहिला. सुती दोरी ताणाने लांबते, म्हणून ती सैल होणारच. धनुकलीला एका टोकाला पक्की गाठ आणि मुठीच्या टोकाला सोडून पुन्हा घट्ट करता येईल अशी सरकगाठ मारा. ओढताना मुठीकडची दोरी दोन बोटांनी धनुकलीवर दाबून धरली की जागच्या जागी ताण वाढवता येतो. काठी अडकवल्यावर ती दोरीच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. दोरी आणि धनुकलीच्या लाकडाच्या मध्ये आली तर ओढताना लाकडावर आपटते. धनुकली ताठ हवी, बाणाच्या धनुष्यासारखी लवचिक नको. काठी अगदी गुळगुळीत घासली असेल तर मधला भाग चाकूने कोनदार करा, पकड लगेच सुधारते. नायलॉनची दोरी घसरायला लागली की वितळते.

तरीही घसरत असेल तर दोरी काठीभोवती चार-पाच वेढे देऊन एका वेढ्याला काठीवरच्या खाचेत अडकवून टाका. ओढ थोडी आखूड होते, पण घसरायचा प्रश्न मिटतो. धनुकली नसली तरी चालतं: यज्ञातल्या अरणीमंथनात (लाकडावर लाकूड घुसळून अग्नी पाडताना) मंथ्याला, म्हणजे फिरणाऱ्या उभ्या काठीला, दोरी गुंडाळून तिची दोन टोकं आळीपाळीने ओढतात आणि मंथा वरून दाबून धरतात. दोन माणसं असतील तर शिकायला ही पद्धत सोपी, दाब एकाकडे आणि वेग दुसऱ्याकडे.

(अवांतर: तुतनखामेनचं थडगं १९२२ साली सापडलं, त्यातही असा संच निघाला होता, कडेला ओळीने खळगे असलेल्या फळीसकट.)

काडीपेटी_नको

आभार. खाच रुंद केली, ठोकळा दगडाचा केला. आता भुकटी काळी पडते आणि हात थांबल्यावरही तिच्यातून धूर येत राहतो. पण गवतात टाकली की विझते. फुंकर कमी पडते का?

रानवाट

उलट, घाई होतेय. हात थांबल्यावरही धूर येतोय म्हणजे निखारा आहे, पण अजून पोटात आहे. त्याला हात लावू नका. अर्धा मिनिट तसाच राहू द्या, फार तर तळहाताने हलका वारा घाला. लाल ठिपका दिसला की काडीने भुकटी दाबून धरा आणि फळी आडवी सरकवून काढा. फळी उचलताना हिसका बसला तर ढीग फुटतो आणि फुटलेला निखारा जगत नाही.

खाचेखाली पहिल्यापासून वाळकं पान किंवा सालीचा पातळ तुकडा ठेवा. भुकटी थेट मातीवर पडली तर माती तिची उष्णता शोषते आणि तिला ओल लावते. त्या पानासकटच निखारा पेटवायच्या गवताच्या गोळ्यात ठेवता येतो.

गवताच्या काड्या जाड असतील तर त्यांना निखारा शिवतच नाही. काथ्या किंवा वाळक्या सालीचा आतला भाग तळव्यांत चोळून केसाइतका बारीक करा, दोन मुठी भरतील एवढा. मधे खोलगट, निखारा तिथे, बाहेरून थोडं जाड गवत. गोळा निखाऱ्याला चारी बाजूंनी टेकेल इतपतच मिटा. आवळलात तर गुदमरतो. तोंडापेक्षा किंचित वर धरा आणि लांब, संथ फुंकर घाला. धूर पिवळसर, दाट झाला की ज्वाळा आलीच, तेव्हा गोळा खाली ठेवायला मोकळी जागा आधीच साफ करून ठेवलेली असू दे.

सुतारपक्षी

सावरीचा कापूस वापरायचा असेल तर थोडाच, आणि काथ्यात मिसळून. एकटा असेल तर क्षणात भडकतो आणि संपतो. आणि खळगा फळीच्या तळाशी पोचायला आला की तो सोडून शेजारी नवा पाडा. फळी आरपार गेली की गरम भुकटी खालून निसटते.