हात न लावताही असॉल्ट

‘अंगाला बोटही लावलं नाही, मग असॉल्ट कसला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण इंग्लंडच्या कायद्यात असॉल्टला स्पर्श लागतच नाही. आपल्याला आत्ता, लगेच मार बसणार असं समोरच्याला वाटायला लावलं की झाला असॉल्ट. प्रत्यक्ष हात लागला तर ती बॅटरी, तो वेगळा गुन्हा. उगारलेली मूठ समोरच्याने पाहिली की पुरे. तो पाठमोरा असेल आणि त्याला पत्ताच नसेल, तर असॉल्ट नाही. अर्थात हेतू हवा, किंवा निदान धोका कळत असूनही केलेली बेपर्वाई.

शब्दांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. १६६९ च्या टर्बरव्हिल विरुद्ध सॅव्हेज खटल्यात एकाने तलवारीवर हात ठेवला आणि म्हणाला, सध्या न्यायाधीश गावात नसते तर तुझं हे बोलणं ऐकून घेतलं नसतं. म्हणजे आज काही करणार नाही! त्यामुळे असॉल्ट ठरला नाही. याउलट १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) आयर्लंड नावाच्या इसमाच्या खटल्यात सांगितलं की नुसते शब्दच काय, फोन करून गप्प राहणंही असॉल्ट ठरू शकतं. तो इसम बायकांना वारंवार असे फोन करायचा.

आपला भारतीय कायदा इथे वेगळी वाट धरतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ३५१ (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३०) च्या स्पष्टीकरणानुसार नुसते शब्द म्हणजे असॉल्ट नव्हे; मात्र शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो.