मुलीसाठी फ्लाइंग स्कूल निवडायचे आहे : सुरक्षितता कशी पारखावी?

लातूरचा_पालक
नमस्कार. माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झाली असून तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे. सर्व खर्च धरून 45 लाखांच्या पुढे जाणे मला शक्य नाही. बारामती, जळगाव आणि कलबुर्गी आम्हाला त्यातल्या त्यात जवळ पडतात. संस्थेत प्रत्यक्ष गेल्यावर काय पाहावे, हे कृपया सांगावे.

परभणीकर
दादा, सरळ परदेशात पाठवा. माझा पुतण्या दक्षिण आफ्रिकेत शिकला आणि वेळेत परत आला. खर्च वाढेल, पण लेकीच्या जिवापुढे पैसा पाहू नये.

गोदाकाठ
त्यांनी खर्चाची मर्यादा स्पष्ट लिहिली आहे. शिवाय परदेशी परवाना इथे चालवायचा तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) परीक्षा द्याव्याच लागतात. आमच्या मुलाच्या संस्थेने संपूर्ण शुल्क आधीच घेतले; माहितीपत्रकात विमाने भरपूर होती, उडणारी मात्र मोजकीच, आणि एक तर हँगरच्या कोपऱ्यात टायर बसलेल्या अवस्थेत धूळ खात उभे होते. परवान्यासाठी लागणारे 200 उड्डाणतास भरता भरता आमचा जीव मेटाकुटीला आला. पैसे टप्प्याटप्प्याने द्या व परताव्याची अट लेखी घ्या.

परभणीकर
म्हणूनच परदेश म्हणतो. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, हे विसरू नका.

हँगरवाला
त्यानंतर डीजीसीएने ती दोन्ही विमाने ज्या संस्थेची होती, तिचे प्रशिक्षण थांबवले होते, हेही सांगावे. एका संस्थेवरून सगळे गाव नाकारू नये. मी विमानांच्या देखभालीत आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून डीजीसीए वर्षातून दोनदा फ्लाइंग स्कूलांची श्रेणी जाहीर करते. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ती यादी पाहाच, पण विमानाची तांत्रिक नोंदवहीही दाखवायला सांगा. उड्डाणानंतर नोंदवलेला बिघाड, त्यापुढे अभियंत्याने केलेले काम आणि त्याची सही असा क्रम तिथे दिसला पाहिजे. सतत उडणाऱ्या विमानाच्या वहीत महिनोन्महिने एकही बिघाड नसेल, तर तिथे बिघाड लिहू देत नाहीत अशी शंका घ्यावी. सकाळी धावपट्टीजवळ थांबून पाहा : विद्यार्थी टाकीतले थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून, तळाशी पाण्याचे थेंब आहेत का, हे उजेडात धरून तपासतात की नुसता उपचार उरकतात? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा तापून विरळ होते व विमानाला उड्डाणासाठी जास्त धावपट्टी लागते. अशा दुपारी उड्डाण रद्द करणाऱ्या प्रशिक्षकाला व्यवस्थापन काय म्हणते, हे विद्यार्थ्यांना एकांतात विचारा.

गोदाकाठ
आणि शुल्क भरण्याआधी वैद्यकीय तपासणी. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या, पुन्हा सांगते.

लातूरचा_पालक
सर्वांचे आभार. तपासणी झाली, मुलगी पात्र ठरली. जवळच्या तिन्ही ठिकाणांऐवजी आम्ही परराज्यातील एक लहान संस्था निवडली आहे. तिथे नोंदवही न कुरकुरता समोर ठेवली गेली आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी सांगितलेले महिन्याचे उड्डाणतास एकमेकांशी जुळले. परताव्याची अट लेखी मिळाली. पहिला हप्ता सोमवारी भरतो आहे.