निकालाची जुनी फॉक्सप्रो प्रणाली: पुन्हा लिहावी, समर्थवर जावे की कंत्राटदाराला द्यावी?

प्रश्नकर्ता: डीबीएफवाला

मी एका राज्य विद्यापीठाच्या संगणक विभागात दोन वर्षांपासून प्रोग्रामर म्हणून काम करतो. आमच्याकडे प्रवेश, पात्रता आणि परीक्षा अर्ज कंत्राटदाराच्या पोर्टलवर भरले जातात. गुणनोंद, निकालप्रक्रिया आणि लेजर (सगळ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची एकत्रित नोंदवही) मात्र अजूनही विभागातल्याच मंडळींनी व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतात. जे सर ही प्रणाली वीस वर्षे सांभाळत आले, ते पुढच्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत.

मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोला आधार देणे २०१५ च्या जानेवारीतच थांबवले आहे. फॉक्सप्रोची माहिती ज्यात साठते ती डीबीएफ फाइल २ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नसल्यामुळे आम्ही दर सत्राच्या, दर विद्याशाखेच्या वेगळ्या फाइल ठेवतो, आणि एखाद्या विद्यार्थ्याचा सगळा इतिहास हवा असेल तर त्याचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) घेऊन पंधरा-वीस फोल्डर धुंडाळावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सकडेही (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणारी राष्ट्रीय ऑनलाइन व्यवस्था) पाठवायचे आहेत.

प्रणाली आम्हीच नव्याने लिहावी, केंद्र सरकारच्या समर्थ या विद्यापीठांसाठीच्या संगणक प्रणालीवर जावे, की सगळेच कंत्राटदाराकडे सोपवावे, यावर बैठका सुरू आहेत. हा निर्णय माझ्या हातात नाही. सर निवृत्त होईपर्यंतच्या महिन्यांत मी सर्वप्रथम काय करावे, एवढेच अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १: निवृत्त सिस्टीम ॲनालिस्ट

पहिले तीन महिने कोडला हात लावू नका. सरांच्या शेजारी बसा आणि निकालाचा प्रत्येक नियम कागदावर उतरवा: नियम काय, तो कोणत्या परिपत्रकाने किंवा विद्यापरिषदेच्या कोणत्या ठरावाने आला, कोणत्या तुकडीपासून लागू झाला आणि केव्हा रद्द झाला. आपल्याकडे नियमांचा खरा संग्रह प्रोग्राममध्ये असतो. परिपत्रकांच्या फाइली अपुऱ्या असतात आणि त्या वेळचे अधिकारी बदलून गेलेले असतात.

मुंबई विद्यापीठाचे उदाहरण घ्या. तेथे उत्तीर्ण होण्यासाठीचे ग्रेस (वाढीव) गुण ५०४२-ए या अध्यादेशाने, वरचा वर्ग मिळण्यासाठीचे ५०४३-ए ने, विषयातील विशेष प्रावीण्यासाठीचे ५०४४-ए ने, तर कंडोनेशन (कमी पडलेल्या गुणांची माफी) ५०४५-ए ने ठरते, आणि एनएसएस-एनसीसीच्या विद्यार्थ्यांसाठी २२९-ए निराळा आहे. हे सगळे अध्यादेश छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, तरी एकाच विद्यार्थ्याला दोन तरतुदी लागू होऊ शकत असतील तर आधी कोणती तपासायची, हे शेवटी कोणीतरी प्रोग्राममध्येच ठरवलेले असते. तो क्रम उलटा झाला तर उत्तीर्ण विद्यार्थी एटीकेटीत, म्हणजे विषय राहिलेल्यांत, जातो. नवीन प्रणाली कोणतीही येवो, हा क्रम तिला तुम्हालाच सांगावा लागणार आहे.

आमच्याकडे एका प्रोग्राममध्ये ठरावीक केंद्र क्रमांकासाठी एक अट लिहिलेली होती. ती कशासाठी, हे कोणालाच आठवत नव्हते, म्हणून मी ती निरुपयोगी समजून काढून टाकली. निकाल लागल्यावर कळले की पुरामुळे त्या केंद्रावर एक पेपर झाला नव्हता आणि त्या विद्यार्थ्यांना सरासरी गुण देण्याचा ठराव काही वर्षांपूर्वी झाला होता. त्यांतले काही अजून राहिलेले विषय देत होते. पंधरा-सोळा गुणपत्रके परत मागवावी लागली. त्या दिवसापासून कोडमधल्या प्रत्येक विचित्र ओळीपुढे ठराव क्रमांक लिहिल्याशिवाय मी ती कोणालाही पुसू दिली नाही.

उत्तर २: परीक्षा भवन, तिसरा मजला

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण परीक्षा विभागाची बाजूही लक्षात घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शेवटच्या परीक्षेपासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लावणे बंधनकारक आहे. त्यामुळे उन्हाळी सत्रात नवीन प्रणालीचा प्रयोग करण्यास कोणताही संचालक मान्यता देणार नाही, आणि देऊही नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन मूल्यांकन सगळ्याच शाखांना एकदम लागू केले, निकाल काही महिने रखडले आणि अखेरीस कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. संगणकावर उत्तरपत्रिका तपासणे ही कल्पना मुळात वाईट नव्हती. चुकली ती घाई.

हिवाळी सत्रात एखादी कमी विद्यार्थ्यांची विद्याशाखा निवडा, दोन्ही प्रणालींवर निकाल काढा आणि लेजर ओळीने ताडून पाहा. फरक आढळला तर नवीन प्रणालीच चुकली असे गृहीत धरू नका. जुन्या प्रणालीतील चुकाही याच वेळी बाहेर येतात, आणि त्यांचे काय करायचे हे संगणक विभागाने परस्पर ठरवू नये.

उत्तर ३: समर्थ वापरणारी

समर्थ हा शिक्षण मंत्रालयाचा दिल्ली विद्यापीठात विकसित झालेला प्रकल्प असून त्यात ४० हून अधिक मॉड्यूल आहेत. आस्थापना, रजा आणि प्रवेश यांसाठी आमचा अनुभव चांगला आहे. निकालाच्या नियमांची रचना मात्र प्रत्येक विद्यापीठाला स्वतःच भरावी लागते, म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलेली नियमांची नोंद तिथेही लागतेच.

तुम्हाला सर्वांत जास्त वेळ नावांवर घालवावा लागेल. पदवी प्रमाणपत्रासाठीची मराठी नावे जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली असतील, तर तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर नोंदलेला असतो. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलटे आहेत. रूपांतरक बहुतेक नावे नीट बदलतो, पण कीर्ती, शर्मिष्ठा यांसारखी नावे माणसानेच तपासावी लागतात. शिवाय आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी येते, तर एबीसी खात्यातले नाव आधारवरून येते, त्यामुळे नुसती तुलना केली तर निम्मी नावे जुळत नाहीत. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि आडनाव हे चार स्वतंत्र रकाने आताच करा. राज्याच्या नव्या नियमानुसार मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते, आणि ती मुले पुढे आपल्याच दारात उभी राहतील.

प्रश्नकर्ता: डीबीएफवाला

सर्वांचा आभारी आहे. सरांनी रोज दुपारी तीन ते चार ही वेळ दिली आहे. चार दिवसांत एकोणीस नियम लिहून झाले, त्यांपैकी सहांचे परिपत्रक सापडत नाही. अशा नियमांपुढे काय लिहावे?

उत्तर: निवृत्त सिस्टीम ॲनालिस्ट

“आधार सापडला नाही” असे स्पष्ट लिहा, तो नियम प्रथम कोणत्या सत्राच्या निकालात वापरलेला दिसतो ते जुन्या लेजरवरून नोंदवा, आणि सहाही नियम परीक्षा व मूल्यमापन मंडळापुढे ठेवण्यासाठी टिपणी पाठवा. तिच्यावर सरांची सही ते सेवेत असतानाच घ्या.