नोटीस लावण्याआधी एकदा बघा

सेक्रेटरी: पार्किंगच्या भांडणात मध्यस्थ नेमायचाय. नोटीस अशी केलीय, 'वी नीड अ‍ॅन अनइंटरेस्टेड मेंबर.' चूक असेल तर आत्ताच सांगा, प्रिंट काढतोय.

बी-३०२: अनइंटरेस्टेड तर सगळेच आहेत. मागच्या मीटिंगला कोरम तरी झाला होता का? 😄

ए-१०४ टीचर: साहेब, तिथे डिसइंटरेस्टेड हवं. ज्याचा त्या भांडणात काही फायदा-तोटा नाही, तो डिसइंटरेस्टेड. ज्याला ऐकायचाच कंटाळा, तो अनइंटरेस्टेड. अंपायर पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा असला की नो-बॉल सुटलाच.

सी-५०१: पण कंटाळलेला या अर्थीही डिसइंटरेस्टेड वापरतात की.

ए-१०४ टीचर: वापरतात, डिक्शनरीतही सापडेल. म्हणून सरळ इम्पार्शल लिहा. एका वादासाठी दुसरा कशाला?

बी-३०२: लेक विचारतेय, हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल एकच का?

ए-१०४ टीचर: नाही गं. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, ती घटना हिस्टॉरिक, इतिहासात मोलाची. एखाद्या जुन्या वाड्यातली हिशेबाची वही हिस्टॉरिकल, मग तिच्यात नुसती उधारी का लिहिलेली असेना. आपली गोची अशी की मराठीत दोन्हीला ऐतिहासिकच म्हणतो. चाइल्डिश आणि चाइल्डलाइकचं तसं नाही. बालिश आणि निरागस आठवलं की झालं.

सेक्रेटरी: मग मागच्या नोटिशीतले 'इकॉनॉमिक बल्ब'?

ए-१०४ टीचर: ते आर्थिक बल्ब झाले 😅 बचत करणारे ते इकॉनॉमिकल. तेव्हा बोलले नाही, तुम्ही घाईत होतात.

डी-२०३: आपल्याला एवढंच कळतं की पुढे 'इन' लागलं की उलटा अर्थ. करेक्ट, इनकरेक्ट.

ए-१०४ टीचर: दरवेळी नाही हो! इनफ्लेमेबल म्हणजे पटकन पेट घेणारं. फ्लेमेबलचा अर्थही तोच. तो 'इन' नकाराचा नाहीच, पेटवणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दातूनच आलाय. लोक फसतात म्हणून धोक्याच्या पाटीवर फ्लेमेबल लिहिलेलं बरं. न पेटणारं ते नॉनफ्लेमेबल.

डी-२०३: थांबा. जनरेटर रूममधल्या कॅनवर इनफ्लेमेबल लिहिलंय ना?

सेक्रेटरी: हो. डिझेल आहे. का?

डी-२०३: काही नाही. जेवण झालं की मी तिथेच सिगारेट ओढतो.

सेक्रेटरी: काय??? आधी ती नोटीस काढतो. पार्किंगचं उद्या.

बी-३०२: काढा. फक्त त्यात विशेषण घालू नका.