दिवाळीला हनोई की दा नांग?

मंदार: व्हिएतनाम नक्की. दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस. हनोई की दा नांग ते आज ठरवा. दोन्ही म्हणू नका, आजी बरोबर आहे.

केतकी: दा नांग!! बीच, आणि गोल्डन ब्रिज उचलून धरणारे ते पुरातन दगडी हात 😍

वर्षाआत्या: पुरातन? 2018 साली बांधलाय तो पूल. हातही फायबरग्लासचे.

सुनीलकाका: हनोई राजधानी आहे, ती सोडून कसं चालेल? पुण्यात येऊन शनिवारवाडा न बघता हिंजवडी बघून परत गेल्यासारखं होईल.

केतकी: काका, तुम्ही शनिवारवाड्यात शेवटचे कधी गेलात?

सुनीलकाका: तो मुद्दा नाही.

वर्षाआत्या: आधी महिना बघा रे. दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा दा नांगला भर पावसाळा. चेन्नईसारखंच, ईशान्येचे वारे समुद्रावरून पाऊस घेऊन येतात. शेजारच्या होई आन गावात नदीचं पाणी दुकानांत शिरतं. एका जुन्या घरात भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा केल्यात, काही माझ्या डोक्याच्या वर! आम्ही नोव्हेंबरात गेलो आणि दोन दिवस खोलीत पत्ते कुटले. हनोईला त्याच दिवसांत छान कोरडी हवा असते.

सुनीलकाका: बघा!! हो चि मिन्हची समाधी पण होईल.

वर्षाआत्या: फक्त सकाळी हं दादा. सोमवारी आणि शुक्रवारी बंद.

आई: आईंच्या गुडघ्यांचं काय?

वर्षाआत्या: वहिनी, हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, चालायचं रस्त्यावरून. ओलांडताना मधेच थांबायचं नाही, संथ चालत राहायचं, स्कूटरवालेच वळसा घालतात. होआन किएम तलावाभोवती मात्र शनिवार-रविवार गाड्या बंद असतात. आईला तिथे न्या, बाकं आहेत.

आई: आणि जेवण?

वर्षाआत्या: "चाय" लिहिलेली पाटी शोधायची. चहा नव्हे, शाकाहारी! पौर्णिमा-अमावास्येला तिथलेही बरेच जण चाय खातात. एरवी भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो, विचारून घ्या.

सुनीलकाका: *अनेकदा फॉरवर्ड केलेला मेसेज* व्हिएतनामने अमेरिकेला कसं हरवलं? शिवाजी महाराजांचा आदर्श...

मंदार: काका, हे तिसऱ्यांदा. ह्याला कसलाही पुरावा नाही.

सुनीलकाका: अभिमान वाटला म्हणून पाठवलं.

आजी: मला ती शंकराची देवळं बघायची आहेत विटांची

वर्षाआत्या: मी सॉन. आई, ती दा नांगच्या बाजूला. तिथल्या जुन्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली, देवाचं नाव भद्रेश्वर. अमेरिकेच्या बॉम्बफेकीत बरीच पडली. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली, 2020 मध्ये त्यांना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आत बॅटरीची गाडी आहे, फार चालावं लागत नाही.

मंदार: म्हणजे आजीला हवं ते दा नांगला आणि दिवाळीत जायचं हनोईला 🙏 मार्चमध्ये जायचं का?

केतकी: माझी परीक्षा!!

वर्षाआत्या: मेमध्ये ऊन मरणाचं, पण समुद्र शांत. देवळं सकाळी सातला उरकायची.

आजी: दिवाळीला तुम्ही जाऊन या. मला मे महिन्यात न्या

सुनीलकाका: आईबरोबर मी जातो मेमध्ये.

केतकी: आणि राजधानी, काका?

सुनीलकाका: ती दिवाळीला. दोन्हीला येतोय मी.

आई: भाऊजी, आधी घरी विचारा 😄