मदत हवी आहे: बुजवलेल्या आडाबद्दल घेणाऱ्याला सांगावं लागतं का?

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. आई गेल्यापासून बंदच असतं, म्हणून विकायला काढलंय. गिऱ्हाईक मिळालंय. नुकतेच रिटायर झालेले शिक्षक आहेत, फंडाचे सगळे पैसे यात घालणार.

अडचण परसातल्या आडाची आहे. वडिलांनी 1996 साली तो डबर-माती टाकून बुजवला आणि त्यावर स्वयंपाकघर वाढवलं. तेव्हापासून पावसाळा सरला की कट्ट्यापाशी फरशी दबते. दोनदा उकलून भर घातली. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात तर वीतभर खचली. आता वर नवीन टाइल्स आहेत, बघणाऱ्याला काही कळणार नाही.

एजंट म्हणतो, "विचारलं तर सांगा, नाहीतर गप्प बसा. 'आहे त्या स्थितीत घेतलं' असं कागदात घालतो की." मला हे पटत नाही. त्या सरांच्या घरच्या रोज तिथंच उभं राहून भाकऱ्या करणार. धाकटा भाऊ म्हणतो, कायद्यानं बंधन नसेल तर भाव कशाला पाडून घ्यायचा? बंधन आहे का? तोंडी सांगितलं तर पुरतं का?

आणखी एक. उताऱ्यावर आम्हा दोघा भावांचीच नावं आहेत. कोल्हापूरची आत्या "मला काही नको" म्हणते, पण तिची सही कुठंच नाही.

प्रतिसाद:
बंधन आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. तुम्हाला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, असा मोठा दोष सांगावाच लागतो, घरातला असो वा मालकीतला. भिंतीची ओल डोळ्याला दिसते, ती त्यांनी बघून घ्यायची. फरशीखालचा आड तुम्हीच सांगायला हवा. न सांगणं ही फसवणूक, असं तेच कलम म्हणतं. त्यामुळं एजंटच्या त्या ओळीवर विसंबू नका.

तोंडी सांगितलेलं उद्या सिद्ध कसं करणार? संचकारपत्रातच (विसाराच्या करारात) लिहा: आड कुठं होता, कधी बुजवला, फरशी किती वेळा उकलली. खरेदीपत्र कन्नडमध्ये होणार असेल तर दोन्ही बाजूंना मराठीत समजावून मगच सह्या घ्या.

मला आडापेक्षा आत्यांची काळजी जास्त वाटते. तोंडी "नको" म्हटल्यानं हिस्सा सुटत नाही, आणि ईसीत (मालमत्तेवरचे बोजे-व्यवहार दाखवणाऱ्या सरकारी दाखल्यात) फक्त नोंदलेले व्यवहार येतात, त्यामुळं सरांना हे तिथंही दिसणार नाही. विसार घेण्याआधी रजिस्टर हक्कसोडपत्र करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. रविवारी सरांना बोलावून जागा दाखवतो, टाइल्स काढून बघायच्या म्हणाले तरी काढू देतो. फक्त आत्याचे गुडघे गेलेत, बेळगावला आणायचं कसं?

प्रतिसाद:
हक्कसोडपत्राची नोंदणी बेळगावलाच होईल, पण आत्या कोल्हापुरात सब-रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र करून देऊ शकतात. मुखत्यार मात्र तुम्ही होऊ नका, त्यांच्या मुलाला नाहीतर मुलीला करा.