पाच पाहुणे की एक? संवादमालेवरचा पत्रव्यवहार

प्रेषक: स. वि. (कार्यक्रम समिती)
विषय: संवादमाला – कच्चा आराखडा

नमस्कार मंडळी,

बैठकीत ठरल्याप्रमाणे संवादमालेचा आराखडा पाठवतेय. पहिल्या संध्याकाळी पाच पाहुणे बोलवायचे: एक शास्त्रज्ञ, एक उद्योजिका, एक गायक, एक सामाजिक कार्यकर्ती आणि एक खेळाडू. प्रत्येकी वीस मिनिटं, शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न. सगळ्यांना चालतील असे दहा प्रश्न समितीच काढून देईल (प्रेरणास्थान, संघर्षाचा काळ, यशाचं रहस्य, तरुणांना संदेश, वगैरे), म्हणजे मुलाखतकारावर ताण येणार नाही. सूचना रविवारपर्यंत कळवा.

स. वि.

---

प्रेषक: र. गो.
विषय: उत्तर: संवादमाला – कच्चा आराखडा

ताई, मेहनत दिसतेय, पण माझा या आराखड्याला विरोध आहे. खाजगीत न कळवता इथेच लिहितो, कारण यावर सगळ्यांनीच बोलायला हवं.

तीस-चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे ठरलेले किस्से असतात. ते खोटे नसतात, पण शंभर वेळा सांगून गुळगुळीत झालेले असतात. ‘तुमचं प्रेरणास्थान कोण?’ म्हटलं की आई-वडील किंवा गुरुजी, आणि संघर्ष म्हटलं की सुरुवातीची दोन वर्षं. पाहुणा हे झोपेतही सांगू शकतो. पहिली वीस मिनिटं जवळपास नेहमी यातच जातात, आणि आपण नेमक्या विसाव्या मिनिटाला त्याला पुष्पगुच्छ देऊन खाली बसवणार!

ब्रिटिश टीव्ही मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टने १९७७ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या घेतलेल्या मुलाखतींचं उदाहरण घ्या. बारा बैठका, अठ्ठावीस तासांहून जास्त चित्रीकरण, आणि त्यातून दीड-दीड तासाचे चार भाग. सुरुवातीच्या बैठकांत निक्सनच भारी पडत होते. साध्या प्रश्नालाही लांबलचक उत्तर द्यायचे आणि वेळ खाऊन टाकायचे. ज्या वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सनना पद सोडावं लागलं, त्यावरच्या बैठकीत बाजू उलटली, कारण फ्रॉस्टच्या संशोधकांपैकी एकाने, जेम्स रेस्टन ज्युनियरने, निक्सन आणि त्यांचे सहकारी कोल्सन यांच्या संभाषणाचे कागद आधीच शोधून काढले होते. निक्सनना ते कागद समोर येतील याची कल्पना नव्हती. बारा बैठका मिळाल्या नसत्या तर फ्रॉस्ट तिथवर पोचलाच नसता.

दुसरं उदाहरण भांडणाचं नाही, प्रेमाचं आहे. १९६२च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकसमोर बसला. हिचकॉकचा तो त्रेसष्टावा वाढदिवस होता आणि त्रुफो जेमतेम तिशीचा. जवळपास आठवडाभर दोघं बोलत होते, तेही दुभाषी मध्ये घालून, कारण दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. त्रुफोने एकेक चित्रपट, एकेक दृश्य काढून विचारलं. म्हणून आपल्याला कळलं की ‘सस्पिशन’ चित्रपटात जिना चढणाऱ्या नायकाच्या हातातला दुधाचा ग्लास पडद्यावर तसा उजळ का दिसतो. हिचकॉकने ग्लासातच दिवा ठेवला होता. ‘यशाचं रहस्य’ विचारून हे कुणी सांगितलं असतं का?

माझी सूचना: एक पाहुणा, दोन तास.

र. गो.

---

प्रेषक: नि. दे.
विषय: उत्तर: उत्तर: संवादमाला – कच्चा आराखडा

दोन तास?? आमच्या घरी दोन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा दीडपट वेगाने बघतात.

---

प्रेषक: मी. श.
विषय: दोन तासांचं कौतुक नको

र. गो., पाच जणांची जत्रा मलाही नको. पण ‘लांब म्हणजे खोल’ हे मला मान्य नाही. सध्या तीन-तीन तासांचे पॉडकास्ट पायलीचे पन्नास झालेत. समोर कुणी बडा उद्योजक, आणि यजमान काहीही न वाचता आलेला. दर वाक्याला ‘वा!’, ‘क्या बात है!’. पाहुण्याच्या कंपनीबद्दल कुठे काही वादाचं छापून आलंय का, हेसुद्धा बघितलेलं नसतं. तीन तास फुकट जाहिरात होते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, किती मनमोकळं बोलला!

याउलट बीबीसीवर जॉन फ्रीमनचा कार्यक्रम होता, १९५९ ते १९६२. एक भाग फक्त अर्ध्या तासाचा. फ्रीमन बसायचा कॅमेऱ्याकडे पाठ करून, तो जवळजवळ दिसायचाच नाही. पडदाभर पाहुण्याचा चेहरा. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगना त्याने विचारलं, देवावर विश्वास आहे का? युंग थोडं थांबले आणि म्हणाले की विश्वास ठेवायची गरज नाही, मला ठाऊक आहे. त्या एका उत्तरावर पुढे लोक वर्षानुवर्षं वाद घालत राहिले आणि युंगना खुलासे करावे लागले. अर्धा तासच होता!

त्याच फ्रीमनची दुसरी बाजूही सांगते, कारण इथे सगळे ‘खोलात जा, खोलात जा’ म्हणतायत. १९६० साली त्याने गिल्बर्ट हार्डिंग या फटकळ म्हणून गाजलेल्या टीव्ही कलाकाराला मृत्यू जवळून पाहिल्याबद्दल विचारलं. हार्डिंगनी आपल्या आईचा मृत्यू पाहिला होता. भर कार्यक्रमात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कॅमेरा तर चेहऱ्यावरच होता. त्याच वर्षाअखेरीस हार्डिंगही वारले. लोक आजही ती मुलाखत ‘थोर’ म्हणून दाखवतात. मला ती बघवत नाही. आपला पाहुणा मंत्री नसणार, आपल्या बोलावण्याला मान देऊन आलेला माणूस असणार. त्याला रडवलं म्हणजे मुलाखत रंगली, अशी आपली कल्पना असेल तर मी समितीत नाही.

आणि ताई, गुळगुळीत प्रश्न म्हणून तुमची यादी सरसकट बाद करू नका. १९७२ साली ओरियाना फालाची या इटालियन पत्रकार बाईंनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांना त्यांच्या लोकप्रियतेचं कारण विचारलं. वरकरणी लाडिकच प्रश्न! उत्तरात किसिंजरनी स्वतःची तुलना घोड्यावरून एकट्याने पुढे जाणाऱ्या काउबॉयशी केली. वॉशिंग्टनमध्ये हसं झालं, निक्सन बिथरले. पुढे आठवणींत किसिंजरनी लिहिलं की पत्रकारांशी झालेलं हे त्यांचं सगळ्यात घातक संभाषण. प्रश्न साधा होता, विचारणारी साधी नव्हती.

मी. श.

---

प्रेषक: अ. के.
विषय: उत्तर: दोन तासांचं कौतुक नको

मंडळी, आयुष्य रेडिओत गेलं, त्यामुळे राहवत नाही.

वीस मिनिटं की दोन तास, याआधी एक बघा: उत्तर संपल्यावर मुलाखतकार किती वेळ गप्प बसू शकतो? २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम एक पंचमांश सेकंद जातो, आणि भाषेभाषेत फरक अगदी थोडा. म्हणजे सेकंदभराची शांतताही आपल्याला अवघड वाटते. स्टेजवर तर ती दसपट वाटते, आणि घाबरून माणूस पुढचा प्रश्न टाकतो. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांत हेच मोजलं. शिक्षक प्रश्न विचारून सेकंदभरही थांबत नसत. तेच तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं कितीतरी लांब झाली आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी झाले. मूल बोलून संपल्यावरचं थांबणं तर त्याहून उपयोगी ठरलं. पाहुण्याचंही तसंच. पहिलं उत्तर तो सगळ्यांना देतो तेच देतो. आपण गप्प राहिलो, मान हलवली, की तो ‘म्हणजे खरं सांगायचं तर...’ म्हणून पुन्हा सुरू होतो. टेप ऐकताना मी नेहमी त्या ‘म्हणजे’ला खूण करायचो.

अमेरिकन चरित्रकार रॉबर्ट कॅरो मुलाखत घेताना वहीत ‘गप्प बस’ अशा अर्थाची दोन अक्षरं पुनःपुन्हा लिहितो. एवढा मोठा माणूस, तरी त्याला स्वतःला दटावावं लागतं.

स्टड्स टर्केलने शिकागोच्या रेडिओवर १९५२ ते १९९७, पंचेचाळीस वर्षं माणसांना बोलतं केलं. शास्त्रज्ञ, गायक, लेखक तर होतेच, पण तितक्याच आस्थेने तो वेट्रेसशी आणि पोलादकामगाराशी बोलायचा. त्याने सांगितलेली एक गोष्ट आहे. गरीब वस्तीतल्या एका बाईशी तो बोलला आणि नंतर तिला तिचंच रेकॉर्डिंग ऐकवलं. ऐकता ऐकता तिचा हात तोंडाकडे गेला. मला असं वाटतं हे मलाच माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. मी. श., तुमची हार्डिंगबद्दलची तक्रार मला पटते. पण हेही प्रश्नांतूनच घडतं. फरक इतकाच की त्या बाईला हे बोलायचं होतं आणि तिच्यावर कुणी कॅमेरा रोखलेला नव्हता.

आता उपप्रश्नाबद्दल. छापील दहा प्रश्न हातात असले की मुलाखतकार उत्तर ऐकतच नाही, पुढचा नंबर शोधत बसतो. बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी आठवा. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओवलेलं, मग पाणी कशात? वायूत. वायू कशात? प्रत्येक उत्तराच्या शेपटाला धरून पुढचा प्रश्न. शेवटी याज्ञवल्क्य म्हणतात, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल! ती गप्प बसते. पण गंमत पुढे आहे. थोड्या वेळाने ती पुन्हा उठते, सभेची परवानगी घेते आणि म्हणते, आता दोनच प्रश्न विचारते. अक्षराबद्दलचं, म्हणजे अविनाशी तत्त्वाबद्दलचं, ते प्रसिद्ध उत्तर मिळतं ते या दुसऱ्या फेरीत. हटकल्यावर थांबायचं, तयारीने परत यायचं आणि मोजकं विचारायचं, हे सगळं तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

अ. के.

---

प्रेषक: र. गो.
विषय: मधला मार्ग?

काका, पत्र जपून ठेवलंय.

मी. श., तासांचा आग्रह सोडतो, एका पाहुण्याचा नाही. सव्वा तास धरू. तयारीला तिघं: एक जण पाहुण्याचं लेखन आणि आधीच्या मुलाखती वाचेल, एक जण त्या क्षेत्रातला असेल, आणि तिसरा त्या क्षेत्रातलं काहीही न कळणारा. हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण ‘म्हणजे काय?’ विचारायला त्याला लाज वाटणार नाही. आधीच्या मुलाखतींत जे जे येऊन गेलंय ते निवेदक परिचयातच सांगून टाकेल. म्हणजे ठरलेले किस्से पाहुण्याच्या हातून काढूनच घेतले!

एका गोष्टीवर मात्र वाद होईल. शब्दांकन झाल्यावर ते पाहुण्याला तपासायला द्यायचं का? पॅरिस रिव्ह्यू हे साहित्यिक त्रैमासिक १९५३पासून लेखकांच्या मुलाखती छापतंय, पहिली ई. एम. फॉर्स्टरची. तिथे लेखकाला आपली उत्तरं सुधारू देतात. त्यामुळे त्या मुलाखती वाचायला नेटक्या आहेत आणि लेखक आपल्या कारागिरीबद्दल मोकळेपणाने बोलतात. मी देण्याच्या बाजूने आहे.

र. गो.

---

प्रेषक: मी. श.
विषय: उत्तर: मधला मार्ग?

कारागिरीबद्दल बोलणाऱ्याला जरूर द्या. सत्तेत किंवा मोठ्या पैशाच्या व्यवहारात असलेल्याला अजिबात नाही. किसिंजरना तपासायला मिळालं असतं तर काउबॉय घोड्यासकट नाहीसा झाला असता. नियम आधी ठरवा आणि पाहुण्याला आमंत्रणातच कळवा. तिघांची टीम मान्य. ‘काही न कळणारी’ म्हणून माझं नाव घाला.

---

प्रेषक: स. वि. (कार्यक्रम समिती)
विषय: संवादमाला – आराखडा दोन

मंडळी,

समितीत बोलले. पहिल्या वेळी एकच पाहुणा, सव्वा तास आणि वर पंधरा मिनिटं प्रेक्षकांची. पूल बांधणाऱ्या एका अभियंता बाईंना विचारतोय. शब्दांकन त्यांना दाखवायचं, मी. श. यांच्या अटीसह. पुढे कुणी सत्तेतलं आलं तर ही सवलत नाही.

माझे दहा प्रश्न रद्द. (सगळे नाहीत हं. ‘तरुणांना संदेश’ मात्र मीच खोडला, तो ऐकताना तरुण उठून बाहेर जातात.) त्याऐवजी हे सुचलंय, बघा:

‘यशाचं रहस्य’च्या जागी: पूल वाहतुकीला खुला होण्याच्या आदल्या रात्री कुठल्या आकड्याची काळजी वाटत होती?

‘संघर्षाचा काळ’च्या जागी: हिशोबात चूक आहे असं लक्षात आल्यावर सगळ्यात आधी कुणाला सांगितलं? हा प्रश्न सुचला तो विल्यम लमेझ्युरिए या अभियंत्यामुळे. न्यूयॉर्कमधली एक गगनचुंबी इमारत उभी राहिल्यावर, १९७८ साली, त्याच्या लक्षात आलं की तिरप्या वाऱ्यात तिचे बोल्टने जोडलेले सांधे कमी पडतील. त्याने मालकांना सांगितलं आणि रात्री-रात्री वेल्डिंग करून दुरुस्ती झाली. आसपासच्या लोकांना मात्र पत्ता नव्हता. सगळी हकीकत जाहीर झाली १९९५ साली. बाईंना विचारायचंय की ते गप्प राहणं त्यांना पटतं का. र. गो., हा प्रश्न मध्यावर ठेवा, आधी नको. काका, त्यानंतर कोण गप्प बसणार ते तुम्हीच मुलाखतकाराला शिकवा.

बाईंचे तीन तांत्रिक लेख आणि दोन जुन्या मुलाखती मिळाल्यात. लेख वाचायला स्थापत्य शिकलेलं कुणीतरी हवंय. नि. दे., तुम्ही स्ट्रक्चरलवाले ना? दीडपट वेगाने वाचलेत तरी चालेल, पण पुढच्या शुक्रवारपर्यंत.

स. वि.